पाया खणताना निघालेली ठासणीची बंदूक साफ करून घरात कशी ठेवायची

तुमचा प्रश्न वाचला, फोटो पण मोठे करून बघितले. थोडक्यात असं, की रत्नागिरी बाजूला खाडीजवळ तुमच्या जुन्या घराचा पाया काढताना जेसीबीला साधारण साडेतीन फुटांची लोखंडी नळी लागली, मागच्या टोकाला कुजलेलं लाकूड, एक हिरवी पडलेली पितळी पट्टी, सगळ्यावर माती आणि गंजाचं कवच. दोन आठवडे ती गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवलीय. आता तुम्ही विचारताय की डिझेलमध्ये बुडवून वायरब्रश मारला तर चालेल का, भाऊ म्हणतोय ग्राइंडरच लावू, काळा रंग मारू, नवीन सागवानी दस्ता बसवू आणि हॉलमध्ये टांगू.

डिझेल नको, वायरब्रश नको, ग्राइंडर तर नकोच नको. माझं काम जुन्या धातूच्या वस्तूंच्या जतनाचं आहे आणि जमिनीतून निघालेलं लोखंड टेबलावर सतत येत असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, सवडीने वाचा.

तुम्हाला गंज दिसतोय म्हणून गंजाची काळजी वाटतेय, पण ही नळी खाणारी खरी गोष्ट आहे तिच्या आत मुरलेलं मीठ. खाडीकाठची जमीन, म्हणजे शंभर-दीडशे वर्षं मिठाचा अंश असलेली ओल त्या लोखंडात झिरपत राहिलेली आहे. मिठातलं ते क्लोराइड जाऊन बसतं गंजाच्या थराखाली, जिथे शाबूत लोखंड सुरू होतं तिथे. जमिनीत असताना हवा कमी लागत होती म्हणून सगळं संथ चाललेलं. बाहेर काढल्यावर भरपूर ऑक्सिजन मिळाला, कोकणातली हवा दमट, की आत आम्ल तयार होतं, नवीन गंज फुगतो आणि वरचे पापुद्रे सुटायला लागतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत नळीच्या मधल्या भागात नारिंगी-तपकिरी ठिपके आहेत ना, घामाच्या थेंबासारखे, ती याचीच खूण. याला आमच्याकडे लोखंड रडतंय असं म्हणतात. अशी वस्तू वरून कितीही चकचकीत केली, रंग मारला, तरी दोन-तीन पावसाळ्यांत रंगाखालून फोड येतात आणि पोपडे हातात येतात.

पण साफसफाईच्या आधी दोन गोष्टी, आणि या दोन्ही टाळता येणाऱ्या नाहीत.

पहिली, ती नळी भरलेली असू शकते. अगदी गंभीरपणे सांगतोय. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची, म्हणजे भरून ठेवलेली बंदूक बाहेरून बघून कळत नाही, आणि लोक भरून ठेवायचे, भरलेली पुरायचे पण. अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर १८६३ साली रणांगणातून सुमारे २७,५०० बंदुका गोळा केल्या, त्यातल्या २४,००० च्या आसपास भरलेल्या निघाल्याची नोंद आहे, कितीतरींमध्ये तर एकावर एक दोन-दोन, तीन-तीन बार ठासलेले. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. पाणी लागलं की सोरा विरघळून जातो हे खरं, पण नळी गंजाने आणि मातीने दोन्हीकडून बंद झालेली असेल तर आतली दारू टिकू शकते आणि वाळली की परत पेटू शकते. म्हणून ती नळी तापवायची नाही, ठोकायची नाही, आत ड्रिल किंवा सळई घालायची नाही, गॅसवर किंवा ओव्हनमध्ये वाळवायची नाही, तोंडासमोर कोणी बसायचं नाही आणि मुलांना तर हातच लावू द्यायचा नाही. ग्राइंडरला मी सगळ्यात जास्त विरोध करतोय तो ठिणग्यांमुळे.

तपासायची साधी पद्धत अशी. बांबूची सरळ काडी तोंडातून हळूच आत सोडा, स्वतः बाजूला उभं राहून. जिथे अडेल तिथे तोंडापाशी काडीवर खूण करा, काडी बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा आणि आतलं टोक कुठवर पोचलं होतं ते बघा. मागच्या टोकाजवळ एका बाजूला बारीक भोक असतं त्याला कान म्हणतात, रंजक, म्हणजे कानाशी ठेवलेली चिमूटभर दारू, पेटली की जाळ तिथून आत जातो. काडी कानापर्यंत पोचली तर नळी बहुतेक रिकामी. दोन-चार इंच अलीकडे अडली तर आत बार असू शकतो. आणि फूट-दीड फुटावरच अडली, जे जमिनीतून निघालेल्या नळीत हमखास होतं, तर माती भरलीय एवढंच कळलं, मातीच्या मागे काय आहे ते कळलं नाही. अशा वेळी ती भरलेली आहे असंच धरून चालायचं. एक्स-रे काढला की गोळी स्पष्ट दिसते. वेल्डिंग तपासण्यासाठी औद्योगिक एक्स-रे काढणारे लोक कारखान्यांच्या पट्ट्यात असतात, पण आधी फोनवर वस्तू काय आहे ते खरं सांगा. आणि खड्ड्यात गोल जड लोखंडी गोळा किंवा तांब्याच्या बारीक टोप्या (ठोका बसला की पेटून बार उडवणाऱ्या) सापडल्या असतील तर त्यांना हात न लावता पोलिसांना कळवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. बरेच जण म्हणतात जुनी आहे, गंजकी आहे, कोण विचारतंय. पण १८७८ चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते, काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला असं सगळं. शिवाय ही बंदूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये सूट आहे, जुन्या बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. तुमची नळी यात बसेल असं फोटोवरून वाटतं, पण ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं. तहसील कार्यालयात अर्ज द्या, पोलीस ठाण्यात प्रत द्या, दोन्हीकडची पोच घ्या, आणि ती जपून ठेवा. वस्तू सरकारजमा होईल का, तुमच्याकडे राहील का, हे तिथल्या निर्णयावर आहे, मी खात्री देऊ शकत नाही. १०० वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही, म्हणजे दुबईतल्या पाहुण्याला भेट वगैरे द्यायचा विचार असेल तर सोडा. आणि चाप चालू करून बघू, कान मोकळा करून बघू, हे अजिबात नको, कारण वापरता येत नाही या एका गोष्टीवर ती सूट उभी आहे.

उत्तर येईपर्यंत काय करायचं? गोणपाटातून बाहेर काढा, कारण गोणपाट ओल धरतो. एखादा लांब हवाबंद प्लास्टिकचा डबा किंवा जाड पिशवी घ्या, त्यात नळी आणि ओल शोषणारे सिलिका जेलचे भरपूर सुके दाणे ठेवा. सुटलेलं लाकूड वेगळं ठेवा. ते अजून ओलसर असेल तर उन्हात वाळवू नका, तडकेल आणि पिळवटेल, पिशवीत तोंड थोडं उघडं ठेवून सावलीत आठवडे लागले तरी हळूहळू वाळू द्या. पार पाण्याने भरलेलं, स्पंजासारखं दबणारं लाकूड असेल तर ते न वाळवता स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचं आणि जाणकाराकडे न्यायचं, स्वीडनच्या वासा जहाजाच्या लाकडावर त्यासाठी १७ वर्षं रसायन फवारत होते, हे घरी होणारं काम नाही.

आता मूळ प्रश्न, साफ कशी करायची. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नळीचा मूळ पृष्ठभाग गंजाच्या आत आहे. लोखंड जमिनीत गंजतं तेव्हा गंज बाहेरच्या मातीत पण शिरतो आणि आत धातूत पण सरकतो. त्यामुळे बाहेर मातीमिश्रित तांबूस खडबडीत थर, त्याखाली काळसर घट्ट थर, आणि या दोन्हींच्या सीमेवर बंदूक बनवली तेव्हाची मूळ पातळी. तिथेच खाचा, पट्ट्या, एखादा शिक्का, नशीब असेल तर कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर सोन्याचांदीच्या तारेने केलेली नक्षी, सापडते. वायरब्रश आणि ग्राइंडर ही पातळी ओलांडून थेट उरलेल्या धातूवर जातात. म्हणजे चकचकीत जे दिसेल ते त्या बंदुकीचं अंग नव्हे, आतला गाभा, आणि त्यावर कुठलीच खूण नसेल. आम्ल वापरलं तरी तेच होतं, हा काळा थरच विरघळून जातो. टॉयलेट क्लीनर बऱ्याचदा सुचवतात, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे जे क्लोराइड बाहेर काढायचंय तेच आपण आत ओतणार. चिंच-मीठ, लिंबू-मीठ पण याच कारणासाठी नाही. डिझेल आणि खोबरेल तेल गंज काढत नाहीत, फक्त मीठ आत कोंडतात आणि पुढचं काम अवघड करून ठेवतात.

हाताने करायचं ते असं. चांगला उजेड, भिंग, सर्जिकल ब्लेड, बांबूच्या टोकदार काड्या, मऊ टूथब्रश आणि तोंडाला मास्क. आधी मऊ माती ब्रशने काढा, चिकट असेल तिथे थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पाणी नको. मग ब्लेड जवळजवळ आडवं धरून तांबूस थराच्या कडेखाली हलकेच दाबायचं, तो कपचा होऊन सुटतो आणि खाली गुळगुळीत काळं अंग दिसतं. असं दिसलं की तिथे थांबायचं, त्याच्या खाली जायचं नाही. हाताला फरक कळतो, वरचा थर करकरत तुटतो, खालचा ब्लेडला दाद देत नाही. एका बैठकीत तळहाताएवढा भाग झाला तरी खूप झालं. सुरुवात कानाच्या आसपास करू नका, तिथे सगळ्यात जास्त माहिती असते, हात बसला की मगच तिकडे या. आणि नळीच्या खालच्या अंगाला जिथे लाकूड टेकलेलं होतं तिथे गंजातच लाकडाचे तंतू उमटलेले असतात, ते गंज समजून खरवडू नका, दस्ता कसा होता याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. मधेमधे लोहचुंबक लावून बघा, घट्ट धरलं तर आत बराच धातू शिल्लक आहे, नुसतं जेमतेम चिकटलं तर नळी जवळजवळ पूर्ण गंज झालीय. मग ती फार नाजूक, पुढचं पाणी-सोड्याचं काम तिच्यावर करू नका, फक्त कोरडी ठेवा.

धातू शिल्लक असेल, आणि नळी रिकामी असल्याची खात्री झाली असेल, तरच मीठ काढायच्या मागे लागा. साडेतीन फुटी वस्तूला टब मिळत नाही, म्हणून मी ४ इंची पीव्हीसी पाइप एका बाजूने टोपी लावून उभा करतो, त्यात नळी आरामात बसते आणि पाणीही कमी लागतं. पाणी डिस्टिल्डच, बॅटरीवाल्याकडे कॅन मिळतो, बोअरचं किंवा नळाचं नको कारण त्यात स्वतःचं क्लोराइड असतं. प्रयोगशाळेत आम्ही साधारण २ टक्के कॉस्टिक सोडा वापरतो, पण तो कातडी आणि डोळे जाळतो, घरात मुलं असतील तर मी सुचवणार नाही. घरी धुण्याचा सोडा, लिटरला ५० ग्रॅम. तो सावकाश काम करतो पण सुरक्षित आहे. सोड्यामुळे नवीन गंज थांबतो आणि क्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतं. पाणी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, नंतर महिन्याने बदलायचं, आणि हे काम काही महिने चालतं, घाई करून उपयोग नाही.

थांबायचं कधी हे अंदाजाने ठरवू नका. काढलेल्या पाण्याचा थोडा नमुना काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात डायल्यूट नायट्रिक आम्ल घालून आधी सोड्याचा असर घालवायचा, फसफसणं थांबलं की सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. दुधासारखं पांढरं झालं तर क्लोराइड अजून येतंय, शेजारी तुलनेला ताज्या सोड्याच्या पाण्याचा नमुना ठेवायचा. आम्ल न घालता टेस्ट केली तर सोड्यामुळेच गढूळ होतं आणि लोक फसतात. गावातल्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये विनंती केली तर हे पाच मिनिटांचं काम आहे. सगळं मीठ कधीच निघत नाही, हे पण मान्य करून चाला.

इंटरनेटवर बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिसचे, म्हणजे पाण्यात वीज सोडून गंज काढायचे, व्हिडिओ खूप आहेत. जाडजूड शाबूत लोखंडाला, अनुभवी हातात, ते चालतं. पण पापुद्रे सुटणाऱ्या नळीवर हायड्रोजनचे बुडबुडे आतून थर उचकटून टाकतात, आणि ॲनोडला, म्हणजे चार्जरच्या धन टोकाला, स्टेनलेस स्टीलचा चमचा लावला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. तुमच्या वस्तूला मी हे करणार नाही.

मीठ काढून झालं की डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीनदा धुवायचं, मग अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये, म्हणजे पाणी ओढून घेतलं जातं, आणि वाळू द्यायचं, उघड्या खिडकीशी, जवळपास चूल-निरांजन काही नको. त्यावर टॅनिक ॲसिडचं २-३ टक्के पाणी लावलं तर गंजाचा तांबूसपणा जाऊन निळसर काळा रंग येतो, मला स्वतःला तो आवडतो पण ते ऐच्छिक आहे. शेवटी पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन ॲसिटोनमध्ये ५ टक्के विरघळवून दोन पातळ हात, त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स. हेच रेझिन का, तर उद्या कुणाला काढायचं झालं तर ते ॲसिटोनने निघतं. ऑइल पेंट, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हे सहज निघत नाही, आणि ऑइल पेंटखाली काय चाललंय ते दिसतही नाही.

पितळी पट्टीला फक्त माती काढा, हिरवा थर राहू द्या. पावडरने घासून सोन्यासारखी केली तर काळवंडलेल्या नळीशेजारी ती परकी दिसेल आणि वरची बारीक खोदाई पण जाईल. मात्र फिकट हिरवी भुकटी परत परत येत राहिली तर तिथेही मीठच आहे.

सागवानी दस्त्याबद्दल भावाला माझ्याकडून सांगा, हौस समजते. पण तुमच्याकडे आहे ती जमिनीतून निघालेली, अर्धी उरलेली बंदूक आणि तशीच ती खरी आहे. नवीन दस्त्यात बसवायला नळीला खिळे-पट्ट्या माराव्या लागतील, आणि लाकडाचे ते उमटलेले तंतू जातील. फारच वाटलं तर मागे पातळ ॲक्रिलिकवर दस्त्याची नुसती बाह्यरेषा काढा, नळी तिच्या जागी समोर ठेवा. बघणाऱ्याला पूर्ण बंदूक लगेच कळते आणि मूळ वस्तूला हातही लागत नाही.

मांडणी बंद काचेच्या पेटीतच. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि क्लोराइड असलेलं लोखंड खऱ्या अर्थाने थांबतं ते २० टक्क्यांच्या खाली, ३० पर्यंत असली तरी वेग बराच कमी. म्हणजे उघड्या भिंतीवर हुकाला टांगणं शक्यच नाही. फिश टँक बनवणाऱ्याकडून चार फूट लांब, सहा इंच उंच-रुंद पेटी करून घ्या, सांधे सिलिकॉनने बंद, आणि महिनाभर वास जाऊ द्या मगच वस्तू ठेवा. आत प्लायवूड, एमडीएफ किंवा कच्चं लाकूड नको, त्यातून आम्लाची वाफ निघत राहते. तळाशी एवढ्या पेटीला अर्धा-पाऊण किलो सिलिका जेल, नारिंगी रंगाचं घ्या, ओल धरली की हिरवं होतं आणि लांबूनच कळतं. हिरवं झालं की फक्त जेल ओव्हनमध्ये ११० अंशाला तीन-चार तास. सोबत आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर, दोन-तीनशे रुपयांत येतो. नळी दोन आधारांवर टेकवा, मध्ये पांढरा पॉलिथिन फोम, आणि आधार जिथे धातू मजबूत आहे तिथे, तारेने बांधू नका. पश्चिमेची भिंत पावसात ओली होत असेल तर ती टाळा, स्वयंपाकघराला लागून असलेली पण. शेजारी एक कागद लावा, कुठे सापडली, किती खोल, कोणत्या तारखेला, सोबत काय होतं, आणि साफ करण्याआधीचा फोटो.

तुमचे काका ही बंदूक पेशवाईतली आहे म्हणतात, त्याबद्दल आत्ता हो किंवा नाही म्हणता येणार नाही. कानाशेजारी रंजकीसाठी छोटी वाटी असेल तर तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) किंवा गारेची (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी) बंदूक. त्याऐवजी उंचवटा आणि त्यावर टोपी बसवायची बारीक नळी असेल तर टोपीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासची किंवा नंतरची. कोकणात डुकरं-माकडांपासून शेती राखायला ठासणीच्या बंदुका अगदी विसाव्या शतकात पण होत्या, आणि १८७८ च्याच शस्त्र कायद्याने परवाना लागायला लागल्यावर कुणी पुरूनही ठेवली असेल. शेतकऱ्याची निघाली म्हणून तिचं मोल कमी होत नाही, उलट तुमच्याच घराच्या पायात सापडलीय, तिचा संबंध त्या जागेशी आहे.

हे सगळं झेपेल का, हे नळीत धातू किती उरलाय यावर आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा आहे, कोफ्तगिरीचा एक ठिपका जरी चमकला तरी ब्लेड खाली ठेवा आणि त्यांना विचारा. तूर्तास काडी किती आत गेली ते इंचात आणि कानाजवळचा एक जवळून काढलेला फोटो टाका, म्हणजे भरलेली धरायची की रिकामी, ते आधी ठरवू.